भाच्याची बिगस्टर आणि डेशियाचं गणित

ताई, तुमचा प्रश्न परवाच बघितला होता पण मोबाईलवर एवढं टाइप करायचा कंटाळा, आज रविवार आहे आणि लाईट पण आहे, म्हणून बसलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंचा भाचा जर्मनीत असतो, तो डेशियाची बिगस्टर बुक करायच्या विचारात आहे आणि घरात चर्चा अशी की डेशिया म्हणजे तिकडची सगळ्यात स्वस्तातली गाडी, आता तीच कंपनी एवढी मोठी एसयूव्ही काढायला लागली तर तिचं जे काय वेगळेपण होतं ते राहणार का, का ती पण बाकीच्यांसारखीच होणार. आणि मूळ प्रश्न हा की स्वस्त ब्रँडला स्वतःचा तोंडवळा ठेवून सगळ्यांना आवडणं जमतं तरी कसं.

आधी माझं नातं सांगून टाकतो म्हणजे मी का एवढा बोलतोय ते कळेल. मी नाशिकचा, अंबडला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये बावीस वर्षं काढली, आणि २००८ ला लोगान घेतली होती, डिझेल. ती महिंद्रा रेनो लोगान आठवते ना, २००७ ला आली, आपल्या नाशिकच्याच प्लँटमध्ये बनायची, ती खरं तर डेशियाचीच गाडी. फक्त इकडे बिल्ला रेनोचा. त्यामुळे आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी डेशिया बघितली नाही असं नाही, पिवळ्या पाटीच्या लोगानमध्ये बसून एअरपोर्टला गेलेले कितीतरी जण असतील, त्यांना माहीतच नाही की ही रोमानियाची पोर आहे.

(नावाची पण गंमत आहे, रोमानियात म्हणतात दाचिया, आपण डेशिया म्हणतो, बाकी युरोपात आणखी काय काय. मी डेशियाच लिहितो.)

तर ही कंपनी १९६६ ची, रोमानियात मिओवेनी म्हणून गाव आहे तिथली. रेनो १२ चं लायसन्स घेऊन १९६९ पासून एकच गाडी थोडी थोडी बदलत २००४ पर्यंत काढली, म्हणजे आपल्या पद्मिनी आणि अँबॅसिडरसारखीच कथा. रेनोनं १९९९ ला कंपनी घेतली आणि त्यांच्या तेव्हाच्या प्रमुखांच्या, लुई श्वाइत्झर यांच्या, डोक्यात एकच आकडा, ५,००० युरोची नवी कोरी गाडी. त्यातून २००४ ला लोगान आली.

आता लोगान स्वस्त कशी केली ते बघा, कारण पुढचं सगळं यातच आहे. बाहेरचे दोन्ही आरसे एकसारखे, डावा काढून उजवीकडे लावा, म्हणजे दोन मोल्डच्या जागी एक. समोरची काच कमी वाकवलेली, कारण काच जेवढी वाकवाल तेवढी महाग. डॅशबोर्ड अख्खा एका तुकड्यात. पॉवर विंडोची बटणं दारावर नाहीत, मधे गिअरच्या पुढे, म्हणजे दारात वायरिंग कमी. मी स्वतः मोल्डिंगवाला असल्यामुळे मला ती गाडी बघूनच भारी वाटायचं, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बसून विचार केलाय की इथे एक रुपया कसा वाचेल आणि तरी गाडी कशी मोडणार नाही. पण हे मला वाटायचं. माझ्या मेहुण्याला काय वाटलं? तो पहिल्या दिवशी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "भाऊजी, टूरला लावणार का?" म्हणजे टॅक्सी म्हणून.

झालं. लोगानचं भारतात काय चुकलं ते या एका वाक्यात आलं. गाडी वाईट नव्हती हो, डिकी ५१० लिटरची, मागे तीन माणसं खरोखर बसायची, १.५ चं डिझेल इंजिन ॲव्हरेजला उत्तम, कसाऱ्याच्या घाटात कधी रडली नाही. पण वाचवलेला प्रत्येक पैसा बाहेरून दिसत होता आणि त्या बदल्यात मिरवायला काहीच नव्हतं. त्यात आपल्याकडे २००६ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना एक्साइज कमी, आणि लोगान सव्वाचार मीटर, म्हणजे दिसायला गरीब आणि किमतीला तेवढी स्वस्त पण नाही, दोन्हीकडून मार. २०१० ला रेनो बाहेर पडली, महिंद्रानं तिचं व्हेरिटो केलं, मग २०१३ ला शेपूट कापून चार मीटरच्या आत बसवलेली व्हाइब पण काढली, ती तर विचारूच नका.

आता तीच हाडं घ्या आणि डेशियाचीच एसयूव्ही डस्टर बघा. युरोपात २०१० ला आली, आपल्याकडे जुलै २०१२ मध्ये, सुरुवात ७ लाख १९ हजारांपासून, चेन्नईजवळ ओरगडमला बनायची. खालून लोगानच्याच घराण्यातली, तेच डिझेल इंजिन. आणि काटकसर पण तशीच, ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल की आरसे ॲडजस्ट करायचं बटण चक्क हँडब्रेकच्या खाली होतं, हँडब्रेक ओढलेला असला तर बोट घालून शोधायचं! पण कुणी विचारलं का डस्टरवाल्याला टूरला लावणार का म्हणून? नाही विचारलं. चाकांवरचे फुगीर खांदे, २०५ मिलीमीटरचा ग्राऊंड क्लिअरन्स, खड्ड्यात आदळली तरी काही नाही, लोक म्हणायचे रफ आहे, दणकट आहे. जो साधेपणा लोगानमध्ये कंजूषपणा वाटत होता तोच डस्टरमध्ये रांगडेपणा वाटायला लागला. कारण गाडीचा अवतारच असा होता की आत मखमल असती तर उलट विचित्र दिसलं असतं. शेतावर जायच्या बुटाला पॉलिश नाही म्हणून कोण नावं ठेवतो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. स्वस्त ब्रँडचं कॅरेक्टर काय घातलं यात फार नसतं, काय गाळलं आणि ते गाळल्याची घेणाऱ्याला लाज वाटते का ऐट, यात असतं. गाळतात तर सगळेच.

याचं दुसरं उदाहरण पण आपल्याच देशातलं, रेनोची छोटी गाडी क्विड. लोगानच्या प्रोजेक्टवर जो माणूस होता, जेरार देतूर्बे, तोच नंतर चेन्नईला येऊन बसला आणि २०१५ ला क्विड काढली, २ लाख ५७ हजारांपासून. चाकाला नट तीनच, वायपर एकच, बघा कधी रस्त्यात थांबून. पण डॅशबोर्डवर टचस्क्रीन, जी तेव्हा त्या किमतीत दुसरं कोणी देत नव्हतं, आणि तोंड छोट्या एसयूव्हीचं. म्हणजे नजर जाते तिथे खर्च, जात नाही तिथे कात्री. नट मोजत कोण बसतंय. हीच क्विड पुढे इलेक्ट्रिक होऊन चीनमध्ये बनून २०२१ ला युरोपात डेशिया स्प्रिंग म्हणून विकायला आली, आहे की नाही गंमत.

आणि उलटं उदाहरण नॅनो. पुण्यात घडलेली, डोकं लावून बनवलेली गाडी, पण "जगातली सगळ्यात स्वस्त गाडी" हे लेबल तिच्या कपाळावर चिकटलं ते चिकटलंच. रतन टाटा स्वतः नंतर बोलले होते की स्वस्त म्हणून तिची ओळख केली ती चूक झाली. दारात नॅनो उभी म्हणजे शेजाऱ्याला परस्पर कळलं की यांना दुसरी परवडली नाही. मराठी माणूस भावात घासाघीस करेल, पण तसं गाडीवर लिहून फिरणार नाही.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर. २०२१ नंतर डेशियानं युरोपात जे केलंय ते मला डस्टर आणि क्विड या दोन्हीच्या पुढचं वाटतं. क्विडमध्ये काटकसर लपवली होती. आता ती लपवतच नाहीत, तिलाच नक्षी केलीय. नव्या डस्टरमध्ये, जी २०२३ च्या शेवटी दाखवली, क्रोम नाही, लेदर नाही, आणि खालच्या बाजूचं क्लॅडिंग, म्हणजे कडेचं कव्हर, स्टारकल नावाच्या प्लास्टिकचं, ज्यात २० टक्क्यांपर्यंत रिसायकल माल आणि रंग मारलेलाच नाही, पांढरे ठिपके तसेच दिसतात. आता मोल्डिंगवाला म्हणून सांगतो, रिसायकल माल घातला की पार्ट एकसारखा काळाभोर काढणं ही डोकेदुखी असते, कुठे शेड बदलते कुठे रेघ दिसते, आणि मग ते झाकायला पेंट, पेंटशॉपचा खर्च, तिथलं रिजेक्शन वेगळंच. यांनी काय केलं, ठिपकेच डिझाइन म्हणून ठेवले. वरून चरा गेला तरी ठिपक्यांत हरवतो. खर्च वाचला, पर्यावरणवाले खूष, आणि लांबून बघितलं की कळतं ही डेशियाच. मी तो फोटो बघून आमच्या जुन्या टूलरूमवाल्याला पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "आपण असला लॉट क्वालिटी चेकला परत पाठवायचो रे!"

तसंच बेस मॉडेलला स्क्रीनच नाही, मोबाईल अडकवायला होल्डर दिलाय, तुमचाच फोन तुमची स्क्रीन. दहा वर्षांपूर्वी याला लोक भिकारपणा म्हणाले असते. पण आता प्रत्येकाच्या खिशात गाडीच्या स्क्रीनपेक्षा चांगला फोन आहे आणि महाग गाड्यांत एसी कमी करायला पण तीन मेन्यू उघडावे लागतात, त्यामुळे तोच होल्डर शहाणपणा वाटतो. म्हणजे काळ पण त्यांच्या बाजूला आला हे मान्य करायला हवं, सगळी त्यांचीच हुशारी नाही.

आणि एक गोष्ट, भाव. डेशियाची ओळखच अशी की डिस्काउंटच्या मागे लागत नाही, आपल्याकडे दुकानात "एकच भाव" पाटी असायची तसं. भाच्याला घासाघीस करायची सवय असेल तर तिथे हात हलवत परत येईल. याचा फायदा असा की शेजाऱ्याला आपल्यापेक्षा स्वस्त मिळाली ही रुखरुख राहत नाही आणि रिसेल टिकते. त्यांचं गिऱ्हाईक पण वेगळं, कंपनीच्या गाड्या घेणारे कमी, स्वतःच्या खिशातून पैसे देणारे जास्त, आणि त्यातले बरेच असे की डेशिया नसती तर दुसऱ्या कंपनीची सेकंडहँड घेतली असती. त्यांची छोटी गाडी सँडेरो २०१७ पासून युरोपात खाजगी गिऱ्हाइकांत एक नंबर, आणि २०२४ ला तर सगळ्या गाड्यांत एक नंबर, २ लाख ६५ हजारांच्या वर. ब्रँडची एकूण विक्री त्या वर्षी पावणेसात लाख. आणखी किती मेनस्ट्रीम व्हायचं.

पण सँडेरोच्या विक्रीतला मोठा भाग साध्या सँडेरोचा नाही बरं का, स्टेपवेचा, म्हणजे तीच गाडी थोडी उचललेली, कडेनं काळं प्लास्टिक आणि छतावर फिरवून आडवे करता येतील असे रेल. ब्रिटनमध्ये २०१३ ला ५,९९५ पाउंडाची सँडेरो ठेवली होती, फक्त पांढरी, बंपर काळा, रेडिओ पण नाही. असली गाडी गिऱ्हाइकाला शोरूमच्या दारापर्यंत आणायला असते, आत आल्यावर तो स्टेपवे बघतो. साडीच्या दुकानात बाहेर टांगलेली ३९९ ची घेऊन कोण घरी जातं?

सगळंच छान चाललंय असं पण नाही. गाळण्याची एक हद्द असते आणि माझ्या मते सेफ्टीमध्ये ते ती ओलांडतात. युरो एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आदळून सेफ्टीचे स्टार देणाऱ्या तिकडच्या संस्थेच्या टेस्टमध्ये, २०२१ ला स्प्रिंगला एक स्टार, त्यांच्याच जॉगर गाडीला एक, सँडेरो स्टेपवेला दोन, २०२४ ला डस्टरला तीन. कंपनीची बाजू अशी की ड्रायव्हरला मदत करणारी सगळी इलेक्ट्रॉनिक्स न घातल्यानं मार्क जातात, आणि ते काही अंशी खरं आहे, पण स्प्रिंगचं प्रकरण फक्त इलेक्ट्रॉनिक्सचं नव्हतं, क्रॅश टेस्टमध्येच मार खाल्ला होता. रंग न दिलेलं प्लास्टिक मिरवता येतं, एक स्टार नाही मिरवता येत. इथे मी त्यांची वकिली करणार नाही.

आता बिगस्टर. साडेचार मीटरहून लांब, ४.५७, बाजारात आली तेव्हा सुरुवात पंचवीस हजार युरोच्या आत, खालचा प्लॅटफॉर्म तोच सँडेरो-डस्टरवाला, बनते पण मिओवेनीतच. पण हिच्यात डेशियामध्ये आधी नव्हत्या अशा गोष्टी आल्यात, बटणावर उघडणारी डिकी, पॅनोरमिक सनरूफ, दोन बाजूंना वेगळा एसी. घरच्यांना जी भीती वाटतेय ती इथे बरोबर आहे. आज सनरूफ दिलं, उद्या लेदर मागतील, परवा म्हणतील क्रोमची एक पट्टी तरी लावा, असं करत करत गाडी कोरियन गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते आणि तिथे कोरियन लोक तिला खाऊन टाकतात, कारण सगळं देणं हे त्यांचं काम, ते वर्षानुवर्षं करतायत.

तरी मला वाटतं बिगस्टर अजून त्या वाटेला लागलेली नाही, कारण दार उघडून आत बघा, प्लास्टिक कडकच आहे, ठिपके तसेच आहेत, वस्तू अडकवायच्या त्या यूक्लिपच्या खुंट्या तशाच. थाळीत एक गोड वाढलंय, थाळी बदललेली नाही. फक्त टॉप मॉडेल घेतलं की ती थाळी जरा गोंधळते, तेवढ्याच पैशात दुसऱ्या ब्रँडचं मधलं मॉडेल येतं आणि मग तुलना सुरू होते जी डेशिया जिंकू शकत नाही.

म्हणून भाच्याला माझा निरोप: घ्यायची तर खालचं नाहीतर मधलं मॉडेल घे, पॅनोरमिक छपराचा मोह टाळ. एलपीजीचं इंजिन मिळतंय का बघ, जर्मनीत एलपीजीचे पंप भरपूर आहेत आणि रनिंग जास्त असेल तर तेच परवडेल, शहरातच फिरणं असेल तर हायब्रीड. बुक करण्याआधी मागच्या सीटवर अर्धा तास बसून हायवेला फिरून ये, रस्त्याचा आणि वाऱ्याचा आवाज किती चालतो ते स्वतःच्या कानानं ठरव, तिकडे १५० नं चालवतात. आणि स्टार किती आहेत ते बायकोला आधीच दाखव, नंतर नको.

माझी लोगान २०१९ ला विकली, १ लाख ८२ हजार किलोमीटर झाले होते. घेणारा सिन्नरचा होता, त्यानं खरंच टूरला लावली.