कल्ल्यांना चिकटलेल्या जळवा

प्रश्न : शेततळ्यातल्या रोहूच्या कल्ल्यांत जळवा आहेत, कल्ले फिकट पडलेत. काय करावे?

उत्तर : चिमट्याने ओढू नका, कल्ल्यांचे तंतू फाटतात आणि जखमेवर बुरशी धरते. फिकटपणा रक्त गेल्याचा. १० लिटर पाण्यात २५० ग्रॅम मीठ विरघळवून, हवा सोडत, मासे १० मिनिटे ठेवा. मासा कलंडला की लगेच स्वच्छ पाण्यात. एवढ्यात बहुतेक जळवा सुटतात, पण मरतातच असे नाही. म्हणून ते पाणी तळ्यात ओतू नका (नेमके हेच बरेच जण करतात!). जळवांच्या अंड्यांचे कोष दगड-पाणवनस्पतींना चिकटलेले राहतात, त्यामुळे मासे काढल्यावर तळे पूर्ण उपसा, तळ ओला असतानाच कळीचा चुना मारा आणि मग पूर्ण सुकू द्या. नवे मत्स्यबीज सोडण्यापूर्वी पाण्याचा सामू (पीएच) तपासाच.