परसातल्या आठ कोंबड्यांसाठी जागा बदलता येणारा पिंजरा हवा आहे. फॅब्रिकेटर लोखंडी अँगलचा, चाकं लावून देतो म्हणतोय. घ्यावा का?

घेऊ नका.

दीड इंची, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला ३ किलो भरतो. ८ बाय ४ फुटांच्या, ३ फूट उंच पिंजऱ्याच्या नुसत्या सांगाड्याला ६० फूट माल लागतो, म्हणजे जाळी चढवायच्या आधीच ५५ किलो झाले. दुकानाच्या फरशीवर तो सहज सरकेल. परसात, नारळाच्या आळ्याशेजारच्या ओल्या मातीत चाक रुतलं की दोन माणसं लागतील. रोज सकाळी तो सरकवणार कोण, हे आधी ठरवा. तुम्ही स्वतः सरकवणार असाल तर ठीक. बायको किंवा आई सरकवणार असेल तर माप तिला विचारून घ्या. आमच्या घरी हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून एवढं लिहिते आहे.

आम्ही कुडाळ तालुक्यातले. सासूबाईंच्या गावठी कोंबड्या पूर्वी मोकळ्याच चरायच्या, तिन्हीसांजेला आपापल्या खुराड्यात शिरायच्या. शेजाऱ्यांनी मुळा आणि लाल माठ केला तेव्हा आमच्या कोंबड्यांनी त्यांचे वाफे उकरले आणि कुंपणावरून भांडणं सुरू झाली. शेजाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. गणपतीला दीर मुंबईहून आले, म्हणाले, "वहिनी, एकदाच काय ते पक्कं करून टाकू." गोठ्याला लागून चिऱ्यांचे दोन थर, त्यावर अँगल, अँगलला षटकोनी भोकांची कोंबडीजाळी, वर पत्रा. पैसे त्यांनी घातले, ते मी कधी नाकारलं नाही. पण मी तेव्हाच म्हटलं होतं की कोंबडी एका जागी कोंडली की जमीन मरते. झालंही तसंच. आतलं गवत आठवड्यात संपलं, पावसात चिखल झाला, त्या चिखलातून तलंगांना, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, रक्ती हगवण लागली. त्या रोगाचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल्या जमिनीत टिकतात. कोंबड्या तिथेच टोचतात, पुन्हा तेच पोटात जातं.

मग एके दिवशी आम्ही सगळी भाताच्या लावणीला गेलेली असताना मुंगूस शिरलं. खालच्या बाजूला गंजलेली जाळी त्याने वाकवली होती. कोंबड्यांना पळायला जागाच नव्हती. खाल्ली एक, मारून टाकल्या बाकीच्या. दिरांना फोन केला तर पहिलं वाक्य, "रात्री दार नीट लावलं नसेल." मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला. "मुंगूस दिवसाचा येता, रातचा नाय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या, पिंजऱ्याची सगळी रचना यावर ठरते. दिवसा मुंगूस, कुत्रा, आणि पिल्लं असतील तर घार आणि शिक्रा. रात्री रानमांजर, उदमांजर, कोल्हा, साप. सरकता पिंजरा हा दिवसाचा. रात्री कोंबड्या पक्क्या बंद होणाऱ्या खुराड्यातच हव्यात, उंचावर, दांडीवर. एकाच पिंजऱ्याने दोन्ही कामं करायला गेलात की तो जड होतो आणि मग हलत नाही. मुंगसाला विष घालायचा सल्लाही मला मिळाला होता. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, आणि घातलेलं विष मांजरं, कावळे, शेजारचा कुत्रा कुणीही खातो. असलं काही करू नका.

माझा पिंजरा असा. जमिनीला टेकणारी चौकट एक इंची चौकोनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपची, पातळ पत्र्याची. हा पाइप मीटरला किलोच्या आतबाहेर भरतो आणि २० फुटी लांबीत मिळतो. बाकीचा सांगाडा माणग्याच्या बांबूचा, बाइंडिंग वायरने आवळून. बांबू थंडीत तोडलेला, पक्का जून झालेला घ्या. कोवळ्याला किडा लागतो आणि भुकटी पडते. आम्ही काजूच्या टरफलाचं तेल लावलं. ते उघड्या हाताने लावू नका, कातडी भाजते. जाळी अर्ध्या इंचाची वेल्ड मेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी भोकांची, महाग पडली तरी तीच. षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवायला चालते, कुत्र्याला बाहेर ठेवायला चालत नाही.

आमची जमीन खालीवर आहे, त्यामुळे चौकट कुठे ना कुठे अधांतरी राहते आणि तिथूनच मुंगूस घुसतं. त्यासाठी चारी बाजूंनी फूटभर जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरून ठेवते, कडेला चिरे. उकरणारा प्राणी भिंतीच्या मुळाशी उकरतो, तिथे पायाखाली जाळीच लागते. सरकवताना ही झालर वर दुमडायची. चाकं एकाच टोकाला, जुन्या सायकलची. ती अशी बसवा की दुसरं टोक उचलल्यावरच भार चाकांवर येईल आणि खाली ठेवल्यावर चौकट जमिनीला टेकेल.

रुंदी ४ फूट ठेवली कारण माझे भाजीचे वाफे ४ फुटांचे आहेत. माठ उपटून झाला की पिंजरा त्या वाफ्यावर. कोंबड्या उरलेली मुळं, हुमणी, वाळवी सगळं वेचतात आणि खत तिथेच पडतं. लगेच पेरू नका, ताजी विष्ठा रोपं जाळते. मी महिनाभर वाफा तसाच ठेवते. आता त्याच शेजारीणबाई त्यांचे रिकामे वाफे उकरायला पिंजरा मागून नेतात. दीर मात्र अजून म्हणतात की पक्की शेड बरी, फक्त जाळी चांगली घालायला हवी होती. जाळी चांगली असती तर मुंगूस आलं नसतं, हे मलाही मान्य आहे. हगवण मात्र आलीच असती. आणि ती शेड रोज झाडणार कोण होतं? ज्याने खराटा हातात धरला नाही त्याने शेड कशी असावी ते ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनाही सांगितलं आहे.

तुमच्या आठ कोंबड्यांना ८ बाय ४ दिवसभरासाठी अपुरा पडेल. एक तर लांबी वाढवा, नाही तर रोज संध्याकाळी तासभर नजरेखाली मोकळं सोडा. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हा पिंजरा चालत नाही. मी तो पडवीत उभा करून ठेवते आणि कोंबड्या कोरड्या तुसावर असतात. देशावर उन्हाचा त्रास जास्त, तिथे अर्ध्या छपरावर झावळ्या किंवा शेडनेट हवंच, पत्रा नको. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, म्हणजे लासोटा पहिल्या आठवड्यात आणि आर-टू-बी आठव्या आठवड्यात, पिंजरा कसाही असला तरी चुकवू नका. आणि रंग दिलात तर फक्त बाहेरून द्या, आतला पोपडा कोंबड्या टोचून खातात.