साउंडचा कोर्स करावा की सरळ काम धरावं?

दादरच्या माझ्या करिअर-सल्ला केंद्रात हा प्रश्न आता सारखा येतो. मुलगा किंवा मुलगी विचारते, "साउंड इंजिनिअर व्हायला कोर्स लागतोच का?" सोबत आलेल्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो: यात पोट भरेल ना?

मंदार (नाव बदललं आहे) परळचा, बी.कॉम. झालेला. घरी पॉडकास्ट एडिट करायचा, एकांकिकांना म्युझिक ऑपरेट करायचा. वडील पीएफ काढून एका खासगी संस्थेची फी भरायला निघाले होते.

"यूट्यूबवर सगळं आहे. या लाइनीत डिग्री विचारतंय कोण?" मंदार म्हणाला.

"मॅडम, कागद हातात असला की पोरगा उपाशी राहत नाही." वडिलांनी 'स्लमडॉग मिलियनेअर'चे साउंड डिझायनर रसूल पूकुट्टींचं नाव घेतलं. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत शिकले, 2009मध्ये ऑस्कर मिळालं. खरं आहे, पण एका मोठ्या नावावरून आपल्या घरातला निर्णय घेता येत नाही.

दोघंही हट्टाला पेटले होते आणि दोघंही घाबरलेले होते. हट्टामागचा विचार शोधल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, ही माझी कामाची रीत. बापाला मुलाच्या बेकारीची धास्ती. मुलाला धास्ती अशी, की वर्गात बसलो तर आपल्याला फारसं येत नाही हे उघडं पडेल. हे त्याने कबूल करायला दोन-तीन भेटी गेल्या.

मग मी डिग्रीचा विषयच बाजूला ठेवला. "तुझ्या कामात असं काय बिघडतं, ज्याचं कारण तुला सापडत नाही?"

तो बराच वेळ गप्प होता. "घरी मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेला ट्रॅक, मस्त वाटतो. बाहेर कुठे ऐकला की बेसचा, खालच्या जाड स्वरांचा, नुसता चिखल. स्पीकर बदलले, तरी तेच."

वडील पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बसले. "मग हे शिकवतं कोण?"

इतक्या भेटींत बापाने मुलाला त्याच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलू लागले, मला फारसं बोलावं लागलं नाही. बेसच्या त्या चिखलाचं कारण नंतर मंदारनेच शोधून मला समजावलं: 50 हर्ट्झची, म्हणजे अगदी खालच्या स्वराची, ध्वनिलहर जवळपास सात मीटर लांब असते. चाळीतल्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत खालचे स्वर भिंतींवर आपटून कुठे फुगतात, कुठे दबतात, आणि कान फसतो. हे ओळखायला शिकायचं तर आवाजासाठी नीट बांधलेली खोली हवी, शेजारी बसून "हे ऐक" म्हणणारं माणूस हवं. व्हिडिओतून ते मिळत नाही. सॉफ्टवेअर मात्र घरबसल्या शिकता येतं, त्यासाठी पीएफ मोडू नये. आपलं कुठे अडतं हे सांगता येईपर्यंत कुठल्याही कोर्सची किंमत ठरवता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

मंदारने आधी अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत सहायकाचं काम धरलं. पैसे जेमतेम. आता तो एफटीआयआयच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतोय. तिथला ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचाच आहे.

पालकांना एवढंच सांगेन. सरकारी नोकरी, शिकवणं, परदेशात पुढचं शिक्षण, इथे कागद लागतो. स्टुडिओत तुमचं काम आणि तुमच्यासाठी शब्द टाकणारी माणसं लागतात. खासगी संस्थेत गेलात तर चकचकीत कन्सोल (आवाज मिसळायचं मोठं यंत्र) बघून हरखू नका. एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास एकट्याने स्टुडिओ मिळतो, शिकवणारे स्वतः अजून काम करतात का, हे विचारा. गेल्या दोन बॅचच्या मुलांना स्वतः फोन करा, आणि कर्जाच्या कागदावर सही त्यानंतरच करा.