स्टेशनरीतला ‘ई’: बोर्ड मागाहून रंगवा, आधी कागद बघा

ताई, गोव्यात साखळीला तुम्ही दुकान घातलंय, पेंटरने बोर्डावर इंग्रजी ‘स्टेशनरी’त ‘एन’नंतर ‘ई’ऐवजी ‘ए’ रंगवला, भाचीने चूक दाखवली आणि घरचे म्हणतात, ‘असू दे, कोण बघतो?’ हे वाचलं आणि २०१८ सालचा माझा जून महिना डोळ्यांपुढे उभा राहिला. फोंड्याला माझं दुकान आहे, आणि त्याच एका अक्षराने मला चार महिने फिरवलं.

भाचीचं बरोबर आहे. वह्या, पेनं, पाकिटं विकतो ती स्टेशनरी ‘ई’ची. ‘ए’ची म्हणजे जागेवर स्थिर असलेली वस्तू, उदाहरणार्थ थांब्यावर उभी राहिलेली कदंबाची बस. उच्चार दोन्हींचा सारखाच, आणि देवनागरीत लिहिलं तर फरक दिसतही नाही. मोबाईल किंवा कॉम्प्युटर खाली लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही खरे शब्द आहेत. म्हणून ही चूक छापखान्यातूनही निसटते.

‘एन्व्हलपचा ई’ असं पाठ करायला सांगतात, पण मला दुसरी खूण जास्त भरवशाची वाटते. आपल्या पोदेराला, म्हणजे पाव भाजणाऱ्याला, इंग्रजीत बेकर म्हणतात आणि त्याच्या भट्टीला बेकरी. ग्रोसरची ग्रोसरी, तसाच स्टेशनर आणि त्याची स्टेशनरी. दुकानदाराच्या शब्दात शेवटी ‘ई-आर’ आहे, त्याला नुसता ‘वाय’ जोडायचा. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांजवळ एका जागी बसून पुस्तकं विकणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘स्टेशनारियस’ म्हणत. बाकीचे बरेच विक्रेते फिरते असत, हा ठिय्या मांडून बसलेला. लंडनमध्ये अशा लोकांचा संघ १४०३ मध्ये झाला आणि १५५७ मध्ये त्याला शाही सनद मिळाली. म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ ‘एका जागी असणं’ हेच. आपल्याकडे पोर्तुगिजांच्या काळात अशा दुकानाला ‘पापेलारिया’ म्हणत, ‘पापेल’ म्हणजे कागद. त्यात घोळ व्हायला जागाच नव्हती.

आता माझी चूक, कारण तुम्हीही त्याच वाटेवर आहात असं दिसतंय.

माझ्या बोर्डावर, नगरपालिकेच्या ट्रेड लायसन्सवर, जीएसटीत आणि बँकेच्या करंट खात्यात सगळीकडे ‘ए’ होता. एक दिवस सातवीतली एक मुलगी वही घ्यायला आली आणि म्हणाली, “काका, तुमच्या बोर्डावर बघून लिहिलं, बाईंनी चूक दिली.” तिचा अर्धा गुण गेला होता. मला ते इतकं लागलं, की त्याच आठवड्यात बोर्ड, शिक्का, बिलबुक, सगळं बदलून घेतलं. कागदपत्रांना मात्र हात लावला नाही. वाटलं, एक अक्षर तर आहे.

पुढच्याच महिन्यात एका संस्थेला फायली आणि उत्तरपत्रिकांचे कागद दिले. बिल नव्या स्पेलिंगचं, म्हणून चेकही नव्या स्पेलिंगचा आला. बँकेने तो परत केला. ३८,४०० रुपये, आणि माझ्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी डोक्यावर! संस्थेच्या हिशेब विभागात गेलो तर सांगितलं, “नाव बदलल्याचं गॅझेट आणा.” काय हवं ते कागदावर लिहून द्या म्हटलं, तर तेही देईनात. मी प्रतिज्ञापत्र केलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, पैसे घातले, आणि चौथ्या फेरीला वेगळ्याच टेबलावर कळलं, की यातलं काहीच चालणार नाही. माणसाचं नाव-आडनाव बदलायला गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे, दुकानाच्या नावाशी त्याचा संबंध नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. लहान दुकानदाराचा दिवस दुकान बंद ठेवून जातो, याची जाणीव त्या टेबलांवर कुणालाच नव्हती. त्याचा राग मला आजही येतो.

शेवटी एका जुन्या सीएंनी मार्ग दाखवला. मी ना वकील ना सीए, आणि पोर्टलवरची पानं बदलत असतात, तेव्हा तुमच्या माणसाला विचारूनच करा. माझा क्रम असा झाला: आधी नगरपालिकेचं लायसन्स दुरुस्त केलं, ते जोडून जीएसटीत ट्रेड नेम, म्हणजे दुकानाचं नाव, बदलायचा अर्ज केला (फॉर्म आरईजी-१४, बदल झाल्यापासून १५ दिवसांत करायचा असतो), आणि ते दोन्ही कागद घेऊन बँकेत गेलो. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर जीएसटीत ‘लीगल नेम’ म्हणजे पॅनवरचं तुमचं स्वतःचं नाव. त्याला हात लावायचा नाही, फक्त ट्रेड नेम.

हे होईपर्यंत बिलावर जुनंच, चुकीचं स्पेलिंग ठेवा. डोळ्यांना खुपेल, पण नोंदीत जे आहे तेच बिलावर हवं. अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

बोर्डाबाबत माझं मत ठाम आहे: बदलाच. समोरून शाळेची मुलं जातात, ती वाचतात. पेंटरला तोंडी सांगू नका, मोठ्या अक्षरांत छापून कागद हातात द्या आणि रंग लावण्याआधी खडूने काढलेलं तपासा. कोपऱ्यात चॉकलेटं-बिस्किटं ठेवून ‘कन्फेक्शनरी’ लिहिणार असाल तर तिथेही ‘ई-आर-वाय’. आणि स्टेशनरीचं अनेकवचन करून शेवटी ‘आय-ई-एस’ लावू नका, तो शब्द तसा चालत नाही.

तुमचं जीएसटी झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झालं असेल तर सर्टिफिकेटवर ट्रेड नेम कसं छापलंय ते अक्षर-अक्षर बघून कळवा. तिथे ‘ई’ असेल तर तुमचं काम फक्त पेंटरकडे आहे.