रत्नांविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : नीलम निळा, पुष्कराज पिवळा, तरी सराफ दोन्ही एकाच जातीचे म्हणतात. खरे का?

उत्तर : खरे. दोन्ही कुरुविंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड; काठिण्य 9 (मोह्स मोजपट्टीवर, जिथे हिरा 10). त्यात किंचित मिसळलेल्या लोह-टायटॅनियम जोडीने खडा निळा, नुसत्या लोहाने पिवळा, क्रोमियमने लाल, तो माणिक. पुष्कराज म्हणून टोपाझ हे वेगळेच खनिजही खपवतात (काठिण्य 8), तेव्हा बिलावर खनिजाचे नाव लिहून घ्या. काश्मीरच्या पाडरमधला मखमली नीलम 1881 च्या सुमारास सापडला आणि काही वर्षांतच सरला. आज ‘काश्मिरी’ म्हणजे बहुधा नुसती छटा. खडा श्रीलंकेचा किंवा मादागास्करचा. रंग खुलवायला तापवलेला खडा चालतो, बाहेरून रंगद्रव्य देऊन तापवून रंग मुरवलेला नको. पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर पाहा : पैलूंच्या कडा गडद दिसल्या तर रंग वरवरचा, पुन्हा पॉलिश करताना उडेल.