शेजारच्या आजोबांनी दिलेली पुडी

मावशी, मी ग्वांगझूला नोकरी करतो. बाबा (वय ६८) चिपळूणहून तीन महिन्यांसाठी आलेत. प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्री पाच-सहा वेळा उठतात. शेजारच्या चिनी आजोबांनी प्रेमानं कसल्याशा भाजलेल्या खवल्यांची पूड दिली. बाबांना बरं वाटतंय, म्हणून त्यांनी डॉक्टरांची गोळी बंद केलीय. जाताना आणखी पुड्या न्यायच्या म्हणतात. मी विरोध केला की ऐकवतात, 'एवढे चिनी लोक काय वेडे आहेत?' काय करू?

अरे, खवलं कुणाचं ते बाबांना सांगितलंस का? तिकडचं 'चुआन शान जिया' म्हणजे खवले मांजर, आपल्याकडच्याचं भाऊबंद. गाडीचा उजेड पडला की मुटकुळं करून बसणारं! बाबांनी नक्की पाहिलं असेल. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात तर त्याचा खवलोत्सव झाला, प्रतिकृती पालखीत बसवून. चिनी नावाचा अर्थ 'डोंगर भेदणारं कवच'. बिळं खणणाऱ्याचं खवलं शरीरात तुंबलेलंही मोकळं करेल, ही त्यामागची समजूत. कल्पना सुरेख आहे, पण खवलं म्हणजे केराटिन, आपल्या नखांचाच माल. त्यावरच्या अभ्यासांचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात औषधी गुणाचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. आणि 'चिनी लोक वेडे का' याचं उत्तर चीननंच दिलंय. २०२० मध्ये सरकारी औषधकोशातून खवल्याची स्वतंत्र नोंद काढली आणि त्या प्राण्याला सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण दिलं.

बाबांना वाटणारा आराम मात्र खोटा ठरवू नकोस. हा त्रास मुळात कमी-जास्त होतो, आणि चाचण्यांमध्ये नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांनाही बराच फरक जाणवतो. शिवाय तिकडे संध्याकाळचा दुसरा चहा सुटला असेल तर बघ!

मला काळजी आहे ती बंद केलेल्या गोळीची. प्रोस्टेटसाठी देतात त्या टॅमसुलोसिनसारख्या गोळीनं काहींना उठताना गरगरतं. ते मुलाला सांगायला लाज वाटते, पुडी घ्यायला वाटत नाही. भाऊच्या धक्क्यावरचे दोन म्हातारेही मुलांपेक्षा एकमेकांशी जास्त मोकळं बोलतात, इथे तर भाषाही लागली नाही. तेव्हा फिरायला जाताना, शेजारी शेजारी चालत विचार, 'गोळीनं काय होत होतं?' समोरासमोर बसवून नको. मग गावच्या डॉक्टरांना फोन लाव. गोळी बदलता येते, डोस बदलता येतो. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, कधी झाली तेही विचार. लघवी अडली, रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी तिथल्याच हॉस्पिटलात ने.

पुड्या बॅगेत अजिबात नकोत. खवल्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. अडुसष्टाव्या वर्षी विमानतळावर कस्टमवाल्यांना उत्तरं देत बसायला बाबांना आवडणार नाही.

आजोबांना यातलं काही ऐकवू नकोस. बाबांनी चिपळूणहून आमसुलं आणली असतीलच. थोडी त्यांच्या हातानंच शेजारी पाठव.