वाचक विचारतात : विंडहूकमध्ये किती थांबायचं, गाडी कशी तपासायची

प्रश्न : आम्ही दोन जोडपी जुलैमध्ये नामिबियात गाडी भाड्याने घेऊन फिरणार आहोत. विमान दुपारी विंडहूकला उतरतं. गाडी विमानतळावरच घेऊन लगेच सोसुसफ्लेईकडे (नामिब वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांकडे) निघावं की राजधानीत थांबावं? तिथे बघण्यासारखं काही आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : त्याच दिवशी निघू नका. सोसुसफ्लेईचं प्रवेशद्वार सेस्रिमला आहे. ते विंडहूकपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ता बहुतांश खडीचा. जुलैत सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. अंधारात कुडूसारखी मोठी हरणं आणि रानडुकरं रस्त्यावर येतात. शहराबाहेर रात्री गाडी चालवताना अपघात झाला तर भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा लागू होत नाही.

विंडहूकला दोन पूर्ण दिवस द्या, एक शहराला आणि एक गाडीला. विमानतळ शहराच्या पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तिथून शहरात यायला हॉटेलकडून गाडी आधीच ठरवून घ्या आणि भाड्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्या, म्हणजे एका दिवसाचं भाडंही वाचतं. मोबाइलचं सिम विमानतळावरच पासपोर्ट दाखवून मिळतं. मात्र शहर सोडल्यावर बराच वेळ नेटवर्क नसतं, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवा.

मुख्य ठिकाणं पायी अर्ध्या दिवसात होतात. रॉबर्ट मुगाबे मार्गावरचं ख्रिस्तुसकिर्ख हे १९१० सालचं जर्मन चर्च, शेजारचं स्वातंत्र्य संग्रहालय आणि १८९० चा आल्टे फेस्टे किल्ला हे सगळं एकाच टेकाडावर आहे. संग्रहालयाला घाईत उरकू नका. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार केला, तो समजल्याशिवाय पुढे वाटेत लागणाऱ्या गावांची जर्मन नावं आणि मैलोगणती कुंपण घातलेली शेतं यांचा अर्थच लागत नाही.

दुपारी स्थानिक वाटाड्या घेऊन काटुटुरा या उपनगरात जा. वर्णभेदाच्या राजवटीत कृष्णवर्णीयांना जुन्या वस्तीतून उठवून इथे आणून बसवलं. त्याला विरोध करणाऱ्यांवर १० डिसेंबर १९५९ रोजी गोळीबार झाला आणि माणसं मेली. आज तो दिवस तिथे राष्ट्रीय सुटी आहे. काटुटुराच्या बाजारात निखाऱ्यावर भाजलेलं ‘कपाना’ मिळतं. ते गोमांस असतं, खात नसाल तर आधीच सांगा. ‘महांगू’ म्हणजे आपली बाजरीच. तिच्या पिठाचा ‘ओशिफिमा’ म्हणजे घट्ट शिजवलेला गोळा शाकाहारी माणसालाही चालतो.

शहरात चोऱ्या होतात. रिमोटने गाडी बंद केल्यावर दाराची कडी हाताने ओढून बघा, कारण रिमोटचा सिग्नल अडवणारे लोक वाहनतळावर असतात. सीटवर काहीही दिसेल असं ठेवू नका. कोणी खुणेने ‘टायर पंक्चर आहे’ असं सांगितलं तर तिथे थांबू नका, सावकाश पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जा.

प्रश्न : छतावर तंबू असलेली फोर बाय फोर गाडी घेतोय. ताब्यात घेताना नेमकं काय बघायचं? टायरमध्ये हवा किती ठेवायची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यासाठी किमान दीड-दोन तास हाताशी ठेवा. कंपनीचा माणूस घाई करेल, करू द्या.

सुरुवात स्टेपनीपासून करा. स्टेपन्या दोन हव्यात, चालू टायरच्याच मापाच्या आणि हवा भरलेल्या. एक बहुधा गाडीच्या पोटाखाली लटकवलेली असते आणि लांब दांडा फिरवून खाली उतरवावी लागते. तिथे अंगणातच एकदा उतरवून परत चढवा. ती लटकवलेली साखळी धुळीने रानात अडकली की हाताशी दुसरी स्टेपनी नाही असंच समजा. पाना नटांना घट्ट बसतो ना, जॅक चढतो ना हे बघा, आणि वाळूत जॅकखाली घालायला फळी मागून घ्या. कॉम्प्रेसर बॅटरीला जोडून इंजिन चालू ठेवून एका टायरमध्ये हवा भरून बघा. टायरवरचे जुने काप, काचेवरचे टवके, सगळ्याचे फोटो काढा. तंबू स्वतः उघडा, चेन आणि शिडी बघा. जुलैत रात्री वाळवंटात पारा शून्याजवळ जातो, म्हणून स्लीपिंग बॅग किती थंडीपर्यंतची आहे ते विचारा.

हवेचं सर्वसाधारण गणित असं : डांबरी रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय, खडीवर २६ ते २९, खोल वाळूत १५ ते १७. टायर थंड असताना मोजा, आणि कंपनीने वेगळा आकडा दिला तर तो पाळा. खडीवर कडक टायर टोकदार दगडाचा पूर्ण मार खातो. शिवाय खडीच्या रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. कडक टायर त्यांच्यावरून उड्या मारतो आणि जमिनीची पकड सुटते. हवा थोडी कमी केली की टायर जास्त जागा धरतो. पण फार कमी करून वेगात गेलात तर टायरची बाजू तापते आणि फाटते. वाळूतून बाहेर आल्यावर आळस न करता तिथेच हवा भरा.

खडीवर ८० च्या वर जाऊ नका. बहुतेक गंभीर अपघातांत दुसरी गाडीच नसते. छतावरच्या तंबूमुळे गाडीचा तोल वर गेलेला असतो. वळणावर घसरली म्हणून चालकाने स्टिअरिंग झटकलं किंवा करकचून ब्रेक दाबला की गाडी उलटते. घसरू लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरा. विमा घेताना टायर, काच, गाडीचं पोट आणि दुसऱ्या गाडीशी टक्कर न होता उलटणं यांचं काय, हे लेखी विचारा. स्वस्त विम्यात नेमकं तेच वगळलेलं असतं.

सोसुसफ्लेईच्या वाटेतले शेवटचे सुमारे ५ किलोमीटर खोल वाळूचे आहेत. सवय नसेल तर डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी लावून उद्यानाच्या गाडीने जा.

प्रश्न : किराणा, पाणी, डिझेल आणि पैसे यांचं काय? आपला परवाना चालतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मोठी खरेदी विंडहूकलाच करा, शक्यतो शनिवार दुपारच्या आत. पिण्याला, स्वयंपाकाला मिळून माणशी रोज ५ लिटर पाणी धरा. डाळी, तांदूळ मिळतात. मसाले मात्र घरून बंद पाकिटात न्या. उत्तरेला जाणार असाल तर परतीला ‘रेड लाइन’ हे जनावरांच्या रोगांसाठीचं कुंपण लागतं. तिथून दक्षिणेकडे कच्चं मांस आणू देत नाहीत.

पंप दिसला की टाकी भरा, अर्धी असली तरी. सोसुसफ्लेईच्या वाटेवरच्या सॉलिटेअरसारख्या लहान थांब्यावर थोडी रोकड जवळ हवी. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड समान किमतीचे आहेत आणि तिथे रँड सर्रास चालतो. पण उरलेले नामिबियन डॉलर परदेशात बदलणं अवघड, म्हणून निघण्याआधी संपवा.

परवान्याचं मूळ कार्ड आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही न्या. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते.

इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर तिथला थांबा बघा. तो १२ तासांपेक्षा जास्त असेल तर नामिबियात पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा दाखला मागतात. लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायला हवी.